पान्याची किंमत आणि पान्याचे मोल

दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पसरलेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, पलीकडे तळोजा आणि या दोहोंच्या मध्ये वसलेली हजारो गृहसंकुले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई आकाराला येऊ लागली, तेव्हापासून या शहराची चाके हातातल्या साध्या अवजारांनी फिरती ठेवली आहेत. कारखान्यातला फिटर, स्वतंत्रपणे कामे घेणारा इलेक्ट्रिशियन किंवा वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर आणि घरातला नळ स्वतःच आवळू पाहणारा सदनिकाधारक असे या अवजारांचे तीन प्रमुख ग्राहक. हार्डवेअरच्या दुकानात तिघांपुढेही एकच कोडे असते. दिसायला जवळपास सारख्याच असलेल्या दोन पकडींच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर का असावे? आणि ते अंतर मोजण्यात शहाणपण आहे की निव्वळ हौस?

या प्रश्नाचे उत्तर ब्रँडच्या नावात शोधण्याआधी पोलादात शोधावे लागते.

पोलादाला दिलेले पाणी

गावातला लोहार विळ्याला ‘पाणी देतो’, म्हणजे तापवलेले पोलाद विशिष्ट वेळी विशिष्ट रीतीने थंड करून त्यात कठीणपणा आणतो. आधुनिक कारखान्यात हेच काम नियंत्रित भट्टीत होते. तत्त्व मात्र तेच. पोलाद फार कठीण झाले तर ते काचेसारखे तडकते, फार मऊ राहिले तर वाकते. या दोहोंमधला तोल साधणे हीच चांगल्या अवजाराची खरी परीक्षा.

पान्यासाठी बहुधा क्रोम-व्हॅनेडियम मिश्र पोलाद वापरले जाते. तापवलेल्या पोलादाच्या कांबीवर साच्यात घणाचे घाव घालून त्याला आकार दिला जातो. या पद्धतीला ड्रॉप फोर्जिंग म्हणतात. त्यामुळे धातूचे तंतू अवजाराच्या आकाराबरोबर वळतात आणि ओतीव लोखंडाच्या तुलनेत ते कितीतरी चिवट होते. पान्याच्या तोंडाची कठिणता रॉकवेल ‘सी’ मापावर साधारण ४० ते ५० च्या दरम्यान ठेवली जाते, तर उत्तम पकडीच्या तार कापणाऱ्या धारेची कठिणता ६० च्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. म्हणजे एकाच पकडीच्या धारेला निराळे पाणी आणि दांड्याला निराळे. स्वस्त पकडीत हा भेद नीट साधलेला नसतो. म्हणूनच तिची धार काही महिन्यांत दातरी पडते आणि तार कापली जाण्याऐवजी चेपली जाते.

दुसरी बाब मापाच्या अचूकतेची. पान्याचे तोंड नटापेक्षा थोडेसे जरी सैल असले तरी सगळा जोर नटाच्या सहा कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे गोल होतात. चांगल्या रिंग पान्यांत व सॉकेटमध्ये आतील आकार असा घडवलेला असतो की जोर कोपऱ्यांऐवजी बाजूंच्या सपाट भागावर पडावा. रासायनिक कारखान्यात गंजलेल्या पंपाचा एक नट गोल झाला, तर तो काढण्यासाठी ग्राइंडर चालवावा लागतो. ज्वालाग्राही द्रव्यांच्या परिसरात ठिणगी उडवणाऱ्या कामासाठी वेगळा परवाना, वेगळी देखरेख आणि वेगळा वेळ लागतो. काही रुपयांच्या बचतीची किंमत अशा वेळी तासांमध्ये चुकवावी लागते.

नाशिक, जालंधर आणि वुपरताल

भारतीय बाजारात सर्वाधिक परिचित नाव टपारियाचे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील या कंपनीने १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातअवजारांचे उत्पादन सुरू केले. पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर, पाइप पाना अशी तिची व्याप्ती मोठी असून खेड्यातल्या दुकानातही तिचा माल मिळतो. कानशींच्या बाबतीत रेमंड समूहाने वाढवलेल्या ‘जे. के.’ या नावाचे नाते रत्नागिरी-चिपळूणशी आहे. पंजाबातील जालंधर आणि लुधियाना ही देशातील हातअवजारांची मोठी केंद्रे. या उद्योगाला तांत्रिक साहाय्य देण्यासाठी १९८३ मध्ये जालंधर येथे हातअवजारांची केंद्रीय संस्था स्थापन झाली.

दुसऱ्या टोकाला जर्मनीचा वुपरताल-रेमशाइड परिसर. शेजारचे झोलिंगेन सुऱ्या-कात्र्यांसाठी जसे जगप्रसिद्ध, तसा हा टापू अवजारांसाठी. नद्यांच्या प्रवाहावर चालणाऱ्या घणांच्या शाळा इथे शतकांपूर्वीपासून होत्या. स्टालविले (१८६२), हाझेट (१८६८), क्निपेक्स (१८८२), गेडोरे (१९१९) आणि वेरा (१९३६) ही सारी घराणी याच पट्ट्यातली. यांपैकी क्निपेक्सने आपले लक्ष पकडींवरच केंद्रित केले आहे. अमेरिकेच्या स्नॅप-ऑनचा जन्म १९२० चा. या कंपनीचे विक्रेते अवजारांनी भरलेली गाडी घेऊन थेट गॅरेजच्या दारात जातात. तुटलेले अवजार तिथेच बदलून मिळण्याची सोय तिच्या किमतीत अंतर्भूत असते. ही सोय जिथे सहज पोहोचत नाही, तिथे त्या किमतीचा काही भाग वायाच जातो.

या दोन टोकांच्या मध्ये स्टॅनलीसारखी नावे येतात. १८४३ मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात सुरू झालेल्या या कंपनीने २००६ मध्ये फ्रान्सची फाकोम घेतली, २०१० मध्ये ब्लॅक अँड डेकरशी विलीनीकरण केले आणि २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हे नाव विकत घेतले. सरकत्या जबड्याच्या पान्यासाठी ओळखली जाणारी स्वीडिश बाको १९९९ पासून स्नॅप-ऑनकडे आहे. वेरा हे नाव जर्मन असले तरी तिचे बरेचसे उत्पादन चेक प्रजासत्ताकात होते. ग्राहकाने यातून एवढेच घ्यायचे, की ब्रँडचे माहेर आणि अवजाराचे जन्मस्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच नावाखाली वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दर्जाच्या मालिका तयार होऊ शकतात.

फरक नेमका कुठे?

सगळ्याच अवजारांत महाग आणि स्वस्त यांतला फरक सारखा नसतो. हातोडी, साधा रिंग पाना, षटकोनी ॲलन की यांत चांगल्या भारतीय ब्रँडचे अवजार बहुतेक कामांना पुरे पडते. उलट कटर, स्क्रू ड्रायव्हर आणि सरकत्या जबड्याची पक्कड यांत फरक हाताला लगेच जाणवतो.

नळकामाची पक्कड हे याचे चांगले उदाहरण. पारंपरिक पकडीत जबडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवावा लागतो, त्यामुळे मधली मापे सुटतात. क्निपेक्सच्या ‘कोब्रा’ पकडीत बटण दाबून जबडा हव्या त्या मापावर आणता येतो आणि दातांची रचना अशी असते की पाइपावर ती जोराबरोबर अधिकच घट्ट बसते. याच कंपनीच्या समांतर, गुळगुळीत जबड्याच्या पक्कड-पान्याने चकचकीत मुलामा दिलेला नळ ओरखडा न उमटता आवळता येतो. रोज वीस नळ बसवणाऱ्या प्लंबरला ही सोय पैसे मिळवून देते. वर्षातून दोनदा नळ उघडणाऱ्याला ती केवळ आनंद देते.

स्क्रू ड्रायव्हरचे खरे मोल टोकाशी असते. टोक किंचित झिजले की ते स्क्रूच्या खाचेतून निसटते आणि खाच खराब करते. वेराने काही मालिकांत टोकावर लेझरने सूक्ष्म रेघा कोरून ही पकड वाढवली आहे. मात्र इथे ब्रँडपेक्षा आकाराची जुळणी महत्त्वाची. जपानी बनावटीच्या यंत्रांतील चौफुलीच्या खाचा नेहमीच्या फिलिप्स खाचेहून किंचित वेगळ्या असतात. तिथे अतिशय महाग पण चुकीच्या आकाराचे टोक वापरले तरी स्क्रू बिघडतोच.

जिथे तडजोड नाही

काही अवजारांत दर्जाचा प्रश्न थेट जिवाशी जोडलेला असतो. विजेच्या कामाची पक्कड हे त्यातले पहिले. दांड्यावर लाल-पिवळे प्लास्टिक असले की ती विद्युतरोधक असते, हा समज धोक्याचा आहे. अनेक पकडींवरचे आवरण केवळ हाताच्या आरामासाठी असते. चालू विजेच्या सान्निध्यात वापरायच्या अवजारांसाठी आयईसी ६०९०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार १००० व्होल्टपर्यंत वापरायच्या अवजाराची चाचणी १०,००० व्होल्टला होते आणि त्यावर जोडत्रिकोणाची खूण व ‘१००० व्होल्ट’ असा उल्लेख असतो. आवरणाला चीर गेली की ते अवजार विजेच्या कामातून बाद समजावे, मग त्यावर नाव कोणाचेही असो. अर्थात, वीज बंद करून काम करणे ही पहिली खबरदारी. अवजार ही दुसरी.

दुसरे म्हणजे टॉर्क पाना. महापे, रबाळे, ऐरोली परिसरात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरमधील विद्युत पट्ट्यांचे बोल्ट असोत वा गाडीच्या चाकाचे, ते किती जोराने आवळायचे हे ठरलेले असते. सैल बोल्टमुळे जोड तापतो, जास्त आवळल्याने आटे जातात. आयएसओ ६७८९ या मानकानुसार नेहमीच्या ‘क्लिक’ पद्धतीच्या पान्याची अचूकता १० न्यूटन-मीटरच्या वर उणे-अधिक चार टक्क्यांत असावी लागते आणि अन्य कार्यपद्धती ठरलेली नसल्यास वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापर झाल्यावर त्याची तपासणी करावी लागते. अनेक वर्षांत न तपासलेला महागडा टॉर्क पाना हा नियमित तपासलेल्या स्वस्त पान्यापेक्षा अधिक बेभरवशाचा ठरतो.

रासायनिक पट्ट्यात ठिणगी न पाडणाऱ्या, तांब्याच्या मिश्रधातूंच्या अवजारांचीही गरज पडते. ती पोलादापेक्षा मऊ आणि बरीच महाग असतात; पण वायू साठण्याची शक्यता असलेल्या जागी त्यांना पर्याय नाही.

दामाचा हिशेब

मोल ठरवण्याची साधी रीत उदाहरणाने पाहू. समजा, एक पक्कड ३०० रुपयांची आणि दुसरी २,४०० रुपयांची आहे. रोजच्या कष्टाच्या कामात पहिली एक वर्ष आणि दुसरी आठ वर्षे टिकली, तर दोहोंचा वार्षिक खर्च ३०० रुपयेच. म्हणजे केवळ टिकाऊपणाच्या जोरावर महाग पक्कड जिंकत नाही. तिचे पारडे जड होते ते वाचलेल्या मिनिटांमुळे, न बिघडलेल्या स्क्रूंमुळे आणि संध्याकाळी न दुखणाऱ्या मनगटामुळे. याउलट ती तिसऱ्या महिन्यात हरवली, तर सगळा हिशेब कोसळतो. एकाच पेटीतून दहा हात अवजारे उचलतात अशा साइटवर मध्यम किमतीचा माल आणि स्वतःच्या पिशवीत उत्तम माल हा अनुभवी कारागिरांचा दंडक यातूनच आलेला आहे. घरगुती वापरात तर ३०० रुपयांची पक्कडही जन्मभर पुरते.

या हिशेबात हवामानही धरावे लागते. खाडीकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा नवी मुंबईतल्या अवजारांचा खरा शत्रू आहे. निकृष्ट मुलाम्याखाली गंज शिरला की पापुद्रे सुटतात आणि ते हाताला कापतात. वापरानंतर पुसून तेलाचा हात फिरवण्याची सवय स्वस्त अवजाराचेही आयुष्य वाढवते.

देशी मालाची पिछाडी कारागिरीची कमी आणि खर्चाची जास्त आहे. नीती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हातअवजारांच्या जागतिक व्यापारात चीनचा वाटा सुमारे ५० टक्के, तर भारताचा १.८ टक्के, म्हणजे सुमारे ६० कोटी डॉलर आहे. महाग कच्चा माल, व्याज आणि वाहतूक यांमुळे भारतीय उत्पादनाचा खर्च चीनच्या तुलनेत १४ ते १७ टक्के अधिक पडतो, असे हा अहवाल सांगतो.

खरेदी करताना

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर निवड भरपूर आहे. वाशी-तुर्भ्यातही चांगला माल मिळतो. कुठेही घेतले तरी पक्के बिल घ्यावे. किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि आयात मालावर मूळ देश छापणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. प्रख्यात परदेशी नाव, पण आयातदाराचा पत्ता नाही आणि किंमत संशय यावा इतकी कमी, असा माल टाळावा. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

दुकानातच अवजार पारखण्याच्याही काही खुणा आहेत. पक्कड मिटून उजेडापुढे धरली असता कापणाऱ्या धारांमध्ये फट दिसू नये. सांधा सैल हलू नये आणि अडखळूही नये. पाना नटावर बसवून डुगडुगतो का ते पाहावे. दांड्यावर माप, पोलादाचा प्रकार व उत्पादकाचे नाव कोरलेले असावे. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नये.

नवशिक्या तंत्रज्ञाने पहिल्या कमाईतून संपूर्ण परदेशी संच घेण्याची गरज नाही. भरवशाच्या देशी ब्रँडच्या संचाने सुरुवात करावी, वीजकाम असेल तर विद्युतरोधक पकडीत काटकसर करू नये आणि वर्षभराच्या कामात जे अवजार सर्वाधिक वेळा हातात येते, तेवढेच उत्तम दर्जाचे घ्यावे. कोणते ते दुकानदार किंवा जाहिरात सांगू शकणार नाही. पेटीतले सर्वांत झिजलेले अवजारच ते सांगेल.