वीस वर्षांची खिडकी

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या गावठाणातलं जुनं घर शेजारच्या अंगाने पाहिलं, तर बहुतेकदा आंधळं दिसतं. कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं. शेजाऱ्याकडच्या भिंतीत खिडकी नाहीच, असली तर हात जेमतेम जाईल एवढा झरोका. उजेड येतो ओटीच्या दारातून, मागच्या दारातून आणि छपरात बसवलेल्या एखाद्या काचेच्या कौलातून. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपली वाट काढतो. दोन घरांमधल्या बोळात दोन्ही वळचणी गळतात, आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात शेजाऱ्यांची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या वळचणीच्या पाण्यावरून झाली. नजरेवरून फारशी झाली नाहीत, कारण बघायला भोकच नव्हतं.

आता त्याच बोळावर स्लॅब पडतो. मजला चढतो, बाहेरून जिना येतो, चार फुटी सरकत्या काचांची खिडकी बसते. मागच्या परसात शेजाऱ्यांची न्हाणी असते: तीन बाजूंनी तट्ट्या किंवा पत्रा, एका बाजूला साडीचा पडदा, वर आभाळ. हा आडोसा जमिनीवर उभ्या असलेल्या माणसासाठी केलेला होता. पाच-साडेपाच फूट उंचीचा कुड जमिनीवरची नजर अडवतो, पहिल्या मजल्यावरची अडवत नाही. म्हणजे शेजाऱ्याने काहीही वाकडं केलेलं नसताना, नुसत्या मजला चढवण्याने, कालपर्यंत बंद असलेली न्हाणी उघडी पडते. बाई पहाटे अंधारात अंघोळ उरकू लागते. तक्रार ग्रामपंचायतीत जाते, आणि तिथे उत्तर मिळतं की भिंत त्याची, जागा त्याची.

कायद्याने हे उत्तर बरंचसं बरोबर आहे, हीच खरी अडचण. शेजारहक्कांचा आपला मूळ कायदा म्हणजे १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीला शेजारच्या जागेवरून येणारा उजेड आणि वारा वीस वर्षं शांतपणे, अखंड आणि सुविधाधिकार म्हणून उपभोगला, की तो कायमचा अधिकार होतो; शेजारची जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. कलम १७ लगेच बजावतं की मोकळ्या जमिनीला असा उजेड-वाऱ्याचा अधिकार मिळत नाही. म्हणजे बघणाऱ्या खिडकीला वीस वर्षांनी हक्क मिळतो, आणि ज्याच्यावर ती उघडते त्या परसाला कधीच नाही. वीस वर्षं भरण्याआधी शेजाऱ्याने आपल्या हद्दीत भिंत घालावी किंवा पत्रा ठोकावा, एवढाच सोपा उपाय उरतो. मग एकाचा उजेड जातो, दुसऱ्याचा वारा.

खाजगीपणाला कायद्यात जागाच नाही असं मात्र नाही. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये रूढीने मिळणारे अधिकार आहेत, आणि त्याखालचं एक उदाहरण आपल्या विषयावर नेमकं बोट ठेवतं: एखाद्या शहरात शेजाऱ्याचा खाजगीपणा मोडेल अशी नवी खिडकी काढायची नाही अशी रूढी असेल, तर तिथल्या घरमालकाला तसा हक्क मिळतो. हे हवेतून आलेलं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने १८६७ मध्येच मणिशंकर हरगोवन विरुद्ध त्रिकम नरसी या खटल्यात गुजरातेतली ही रूढी मान्य केली होती. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गोकल प्रसाद विरुद्ध राधो हा खटला गाजला. तक्रार होती ती शेजाऱ्याच्या नव्या घराच्या वळचणीची, आणि त्याची ओसरी व दारं घरातल्या बायकांच्या वावराच्या जागेवर उघडतात याची. न्यायालयाने तिथली रूढी मानली. मद्रासने मात्र १८६६ मध्ये असा हक्क नाकारला होता.

गुजरात आणि गंगेकाठच्या या निकालांचा पाया पडदापद्धतीत होता. घरात परपुरुषापासून राखलेली, जनान्याची जागा असते, हे न्यायालयांनी गृहीत धरलं. शहापूर-मुरबाडमधल्या कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी बायकांनी असा पडदा कधी पाळला नाही. त्या लावणीला चिखलात उभ्या असतात, बाजारात रानभाजी विकतात, दारात बसून भांडी घासतात. म्हणून जुनी, ठाम आणि सर्वमान्य रूढी कोर्टात सिद्ध करायची म्हटली, तर इथल्या बाईच्या हाती पुरावा काय? तिचं मोकळं वागणंच तिच्या विरोधात जातं. पडदा नव्हता म्हणून आडोसाही नको होता, असं कुठे आहे? मला हा या कायद्यातला सगळ्यात मोठा दोष वाटतो: खाजगीपणा त्याने घराण्याच्या अब्रूशी बांधला, अंघोळीशी नाही.

फौजदारी कायदा अलीकडे बाईच्या बाजूने आला. २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रीला खाजगी कृती करताना चोरून पाहणं हा गुन्हा झाला, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. त्यात चोरून बघणारा सापडू शकतो. खिडकी जागच्या जागी राहते.

मग बांधकामाचे नियम? महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर ती राज्यभर चालते. तिच्यात सामासिक अंतरं आहेत, उंची आहे, खोलीला उजेड-वारा किती हवा हे आहे. अंतराची कारणं आग, हवा आणि ऊन. खिडकीतून समोर काय दिसेल, हा प्रश्न नियमाला पडतच नाही. शिवाय दाट गावठाणात बाजूचं अंतर राखायला जागाच नसते. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने जाहीर केलं की गावात १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरच्या बांधकामाला वेगळ्या परवानगीची गरज नाही, आणि ३,२०० पर्यंत नगररचनाकाराचं दार ठोठावावं लागणार नाही. परवानगीसाठी तालुक्याला घातलेले हेलपाटे आठवले की निर्णय चांगलाच वाटतो. पण खिडकी बसण्याआधी नकाशा तपासणारा एक डोळाही त्याने कमी केला.

देशाबाहेर हा प्रश्न मापाने सोडवलेला दिसतो. फ्रान्सच्या नागरी संहितेत शेजाऱ्याकडे सरळ पाहणारी खिडकी हद्दीपासून १.९ मीटरच्या आत काढता येत नाही. ऑटोमन साम्राज्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या ‘मजल्ला’ संहितेत स्वयंपाकघर, विहीर आणि अंगण या बायकांच्या वावराच्या जागा मानल्या होत्या; त्यांच्यावर उघडणारी खिडकी अडवता येई, पण ती माणसाच्या उंचीहून वर असेल तर तक्रार चालत नसे. इंग्लंडने १८६५ मध्ये टॅपलिंग विरुद्ध जोन्स खटल्यात आपल्यासारखंच सांगितलं: खिडकी काढणं गैर नाही, नको असेल तर तुम्ही समोर बांधा. पुढे त्याच देशाने नियम केला की स्वतंत्र परवानगी न लागणाऱ्या वाढीव बांधकामात वरच्या मजल्याची बाजूची खिडकी धूसर काचेची हवी, आणि तिचा उघडणारा भाग त्या खोलीच्या फरशीपासून १.७ मीटरच्या वर. २०२३ मध्ये तर लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या गॅलरीतून समोरच्या घरांत डोकावणाऱ्या गर्दीविरुद्ध तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने, तीन विरुद्ध दोन मतांनी, कौल दिला.

१.७ मीटर आणि धूसर काच हे शहापूरच्या गवंड्याला नवं नाही. संडासाच्या खिडकीला तो रोज तेच करतो. बाजूच्या खोलीलाही तसंच केलं तर उजेड राहतो, वारा राहतो, शेजारीण दिसत नाही. ग्रामपंचायतीने बांधकामाच्या नकाशावर शेजारची न्हाणी आणि मागचं दार दाखवायला लावावं, एवढंच माझं मागणं आहे. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्यांनी बांध, पाणी, पैसा यांचे तंटे मिटवले. खिडकीची तडजोड त्यांच्या आवाक्याबाहेरची नाही, फक्त ती खिडकी बसण्याआधी व्हायला हवी.

नंतर झाली तर पुराव्याचा घोळ सुरू होतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत घर असतं, त्याची खिडकी कधी उघडली हे नसतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली आणि मिळकत पत्रिका दिल्या, पण ड्रोनला वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. कोर्ट कमिशनर आला तर आजची खिडकी मोजून जाईल. ती एकोणीस वर्षांची की एकवीस, हे ठरवायला उरतात शेजारपाजारच्या साक्षी, आणि मांडवामागे चुकून भिंत आलेला कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम.