दुर्मिळ मृदा मूलद्रव्यमिश्रित तरंगमार्गदर्शकांतील प्रकाशाचे विवर्धन

प्रस्तावना :
सिलिका काचेच्या प्रकाशीय तंतूतून जाणारा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबेल क्षीण होतो. हा ऱ्हास अल्प वाटला, तरी १०० किलोमीटरनंतर मूळ शक्तीचा केवळ शंभरावा भाग उरतो. पूर्वी अशा क्षीण संकेताचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करून, तो सबळ करून पुन्हा प्रकाशात आणावा लागे. १९८७ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातील डेव्हिड पेन यांचा गट आणि बेल प्रयोगशाळेतील इमॅन्युएल देसुर्व्हिर यांनी एर्बियममिश्रित तंतूत प्रकाशाचे थेट विवर्धन करून दाखविले. आज महासागरांच्या तळाशी असलेल्या केबल्स याच तत्त्वावर चालतात. मात्र हेच कार्य सेंटिमीटरभराच्या चिपवर करणे कठीण का ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवर्धनाचे तत्त्व :
९८० किंवा १४८० नॅनोमीटरच्या पंप प्रकाशाने एर्बियमचे आयन उच्च ऊर्जा पातळीवर जातात. त्यांतील मितस्थायी पातळीवर ते सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे अणूंच्या मानाने दीर्घकाळ, टिकून राहतात. या अवधीत १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा संकेत तेथून गेला, तर उद्दीपित उत्सर्जनाने त्याच तरंगलांबीचे व त्याच कलेचे फोटॉन त्यात मिळतात. येथे एक अट आहे. सुमारे निम्म्याहून अधिक आयन उत्तेजित असले, तरच विवर्धन होते. अन्यथा तेच एर्बियम संकेत शोषून घेते.

तंतूकडून चिपकडे :
तंतूची लांबी २० मीटर घेता येते. चिपवरील सरळ तरंगमार्गदर्शक जेमतेम ५ सेंटिमीटरचा असतो. तेवढेच विवर्धन हवे असल्यास एर्बियमचे प्रमाण सुमारे चारशेपट वाढवावे लागेल. परंतु सिलिकामध्ये हे आयन सहज विरघळत नाहीत. त्यांचे पुंजके होतात. दोन उत्तेजित आयन निकट आले, की एक आपली ऊर्जा दुसऱ्यास देऊन तळ पातळीवर येतो. दुसरा आणखी वर जातो आणि ती अधिकची ऊर्जा बहुतांशी उष्णतेच्या रूपाने गमावतो. परिणामी पंपाची शक्ती वाया जाते. तरंगमार्गदर्शकात दिसणारी हिरवट चमक ही अशा ऊर्ध्वगामी संक्रमणांचीच खूण होय. म्हणजे ज्या घटकामुळे विवर्धन होते, त्याचाच अतिरेक विवर्धनास मारक ठरतो.

उपाययोजना :
पहिला उपाय आधारद्रव्य बदलण्याचा. फॉस्फेट काच व ॲल्युमिनियम ऑक्साइड यांत हे आयन अधिक समप्रमाणात सामावतात. दुसरा उपाय यिटर्बियमच्या मिश्रणाचा. ते ९८० नॅनोमीटरचा प्रकाश अधिक कार्यक्षमतेने शोषून ऊर्जा एर्बियमकडे सोपविते. तिसरा उपाय प्रमाणाऐवजी लांबी वाढविण्याचा. २०२२ मध्ये लोझान येथील स्विस तंत्रसंस्थेतील टोबियास किपेनबर्ग यांच्या गटाने अत्यल्प ऱ्हासाच्या सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे अर्ध्या मीटरपर्यंतचा तरंगमार्गदर्शक सर्पिलाकृती गुंडाळून चिपवर बसविला व त्यात एर्बियमचे आयन रोपित केले. त्यातून ३० डेसिबेलहून अधिक विवर्धन आणि १४५ मिलिवॅट निर्गत शक्ती मिळाली.

समारोप :
तंतू विवर्धकाचे यश केवळ एर्बियमचे नव्हते; विरळ आयन व दीर्घ मार्ग यांच्या मेळाचे होते. चिपवरही अखेर तोच मेळ साधावा लागला. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व अभियांत्रिकी यांच्या अध्यापकांनी एकत्रितपणे शिकवावा, असा हा विषय आहे. कारण येथे पुंजयांत्रिकीचे तत्त्व काचेच्या विद्राव्यतेपाशी अडते आणि मार्गाच्या रचनेने सुटते.