ठाण्याची थैली कोणाच्या हाती?

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघालेल्या प्रवाशाने करंजीचा घाट ओलांडला की थोड्याच वेळात त्यास तिसगाव लागते. कल्याणहून विशाखापट्टणमकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गावातून जातो. जवळच मढी आहे आणि तेथे कानिफनाथांच्या यात्रेस होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत माणसांचा पूर लोटतो. ऊसतोडणीचा हंगाम आला की याच तालुक्यातील कित्येक कुटुंबे घरांस कुलपे घालून कारखान्यांच्या वाटेस लागतात आणि मागे उरतात ती म्हातारी माणसे व बंद दारे. महामार्गावरचे अपघात, यात्रेतली गर्दी आणि बंद घरांवरची पाळत ही तिन्ही कामे अशा गावाचा पोलीस एकाच वेळी पाहत असतो. मुख्य ठाणे तालुक्याच्या गावी आणि हाताखाली मोजकी माणसे, अशी त्याची स्थिती. या माणसाकडून आपण पुष्कळ मागतो. त्याच्या हाती आपण काय देतो, हा प्रश्न मात्र आपण स्वतःस क्वचितच विचारतो.

मागण्यांची ही यादी अलीकडे वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. झडती व जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे धाडावे, असा तिचा दंडक आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावे, असेही ती सांगते. या तरतुदीच्या अंमलबजावणीस राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवावेत आणि त्यांचे चित्रण १८ महिने जतन करावे असा आदेश दिला होता. हे सारे दंडक योग्यच आहेत आणि त्यांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु चित्रणास यंत्र लागते, जतनास साठवणीची सोय लागते, अखंड वीज लागते आणि या सर्वांस पैसा लागतो. कायदा दिल्लीत होतो. त्याचा खर्च मात्र अखेर एखाद्या हवालदाराच्या टेबलाशी येऊन उभा राहतो.

तर मग सरकारच्या तिजोरीत पैसा नाही काय? वस्तुस्थिती तशी नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे पोलीस हा विषय राज्यांचा आहे. तथापि राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकार १९६९-७० पासून साहाय्य देत आले आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी केंद्राने २६,२७५ कोटी रुपयांची एकत्रित योजना मंजूर केली. तिच्यात राज्य पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राचा वाटा ४,८४६ कोटींचा होता. महाराष्ट्रासारख्या राज्यास या कामी ६० टक्के केंद्राने आणि ४० टक्के राज्याने द्यावे, असा प्रघात आहे. निर्भया निधीतून देशातील १०,००० ठाण्यांत महिला साहाय्य कक्ष उघडण्यासाठी १०० कोटी रुपये ठरविण्यात आले. जिल्हा वार्षिक योजनेतूनही अनेक जिल्ह्यांत पोलिसांना वाहने मिळाली आहेत आणि पालकमंत्र्यांच्या हस्ते किल्ल्या दिल्या जातानाची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतीलच.

असे असूनही हा पैसा शेवटच्या चौकीपर्यंत का झिरपत नाही? कारण तो ज्या वाटेने येतो ती वाट चौकीपासून निघतच नाही. आराखडा राज्याच्या मुख्यालयात होतो, मंजुरी दिल्लीत मिळते, पैसा हप्त्यांनी येतो, आणि मागील हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो. २०१५-१६ साली केंद्र व राज्ये यांनी मिळून आधुनिकीकरणासाठी ९,२०३ कोटी रुपये ठेविले होते. त्यांपैकी प्रत्यक्ष खर्च झाला तो अवघा १४ टक्के! ज्या देशात चौकीचे छप्पर गळते त्याच देशात चौकीसाठी ठेवलेला पैसा परत जातो. हा दारिद्र्याचा दोष नव्हे, व्यवस्थेचा दोष आहे. मोठी यंत्रसामग्री खरेदी करण्यास वरिष्ठ कार्यालय समर्थ असते. परंतु गळके छप्पर, बंद पडलेला छपाईयंत्राचा डबा, मुद्देमालाच्या खोलीचे मोडके दार यांची दाद आराखड्यात लागत नाही. या गोष्टी इतक्या लहान असतात की त्या मंजूर होत नाहीत, आणि इतक्या निकडीच्या असतात की त्यांवाचून काम चालत नाही.

मग काम चालते ते कसे? या प्रश्नाचे उत्तर सर्वांस ठाऊक आहे. फक्त ते उघड बोलले जात नाही. कोठे फिर्यादी स्वतःच कागद आणून देतो, कोठे पंचनाम्यास जाण्यासाठी त्याचीच गाडी वापरली जाते, कोठे व्यापारी चौकातील कॅमेऱ्यांसाठी वर्गणी काढतात, तर कोठे एखादा दानशूर गृहस्थ चौकीस खुर्च्या, पंखे, पाण्याचे यंत्र भेट देतो. देणारे बहुधा सद्‌भावनेनेच देतात. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. परंतु ज्याच्या पैशाने चौकीचा पंखा फिरतो त्याच्याविरुद्ध उद्या एखादा शेतमजूर तक्रार घेऊन आला, तर त्या पंख्याखाली बसलेल्या अंमलदाराची लेखणी तितक्याच मोकळेपणाने चालेल काय? ती चालेलही, पण समोर उभ्या असलेल्या मजुरास तसा विश्वास वाटेल काय? न्यायाच्या दारी हा विश्वासच सर्वांत मोलाचा असतो आणि तो एका पंख्याच्या किमतीत गमवावा, इतका तो स्वस्त नाही.

यात आणखी एक मर्म आहे. चोरावर नजर ठेवणारा कॅमेरा द्यावयास वर्गणीदार पुष्कळ मिळतात. पोलिसावर नजर ठेवणारा, कोठडीसमोरचा कॅमेरा देण्यास कोणीही पुढे येत नाही. वर्गणी देणाऱ्याच्या मनात स्वतःच्या दुकानाची काळजी असते, कोठडीतल्या अनामिक माणसाची नसते. ती काळजी राज्यानेच वाहिली पाहिजे, आणि म्हणून तो खर्चही सार्वजनिक तिजोरीतूनच झाला पाहिजे.

आम्ही एके काळी शाळेत शिकवीत होतो. खडू, फळा, झाडू यांसाठी शाळेस सादिलाची रक्कम मिळे. ती तुटपुंजी असे, वेळेवरही येत नसे. पण ती शाळेची असे आणि खडू संपला म्हणून मुख्याध्यापकास गावातल्या सावकाराच्या दारी जावे लागत नसे. आज समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार शाळांना १०,००० पासून १,००,००० रुपयांपर्यंत वार्षिक संयुक्त अनुदान ठरविलेले आहे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने उपकेंद्रास वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी दिला. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. एकाच गावात शाळा आहे, उपकेंद्र आहे, पंचायत आहे. त्या सर्वांस आपली म्हणून थोडीबहुत थैली आहे. पोलिसाच्या चौकीस मात्र जे मिळावयाचे ते अधीक्षक कार्यालयाकडून साहित्याच्या रूपाने, मिळेल तेव्हा आणि मिळेल तितके. गावाचे रक्षण हे काम गावातील खडूहून कमी महत्त्वाचे आहे काय?

परदेशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत स्थानिक पोलीस दले हजारोंनी आहेत आणि त्यांपैकी जवळपास निम्म्या दलांत पूर्णवेळ अधिकारी दहाहूनही कमी असतात. १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये एका साक्षीदाराच्या घरावर पहारा देताना एडवर्ड बर्न हा तरुण पोलीस मारला गेला. त्याच्या नावाने तेथील केंद्र सरकार आज अनुदान देते. लोकसंख्या व हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण यांच्या सूत्राने ते वाटले जाते आणि त्यातला ४० टक्के भाग स्थानिक संस्थांसाठी असतो. १९९४ च्या कायद्याने पोलीसभरतीसाठी निराळे साहाय्य सुरू झाले. त्यासाठी मात्र प्रत्येक दलास अर्ज करून इतरांशी स्पर्धा करावी लागते. या दुसऱ्या पद्धतीतला दोष उघड आहे. ज्याच्याकडे अर्ज लिहिणारा कुशल कारकून आहे त्यास अनुदान मिळते आणि ज्यास गरज सर्वाधिक आहे त्याच्याकडे अर्ज लिहावयास माणूसच नसतो. म्हणून आपण घ्यावयाचा धडा पहिल्या पद्धतीचा आहे: लहानास साहाय्य द्यावयाचे तर ते स्पर्धेने नव्हे, सूत्राने द्यावे.

आमची सूचना साधी आहे. राज्यातील प्रत्येक ठाण्यास व दूरक्षेत्रास, त्याच्या हद्दीतील गावे, लोकसंख्या व यात्रा-महामार्गांचा भार पाहून, दरवर्षी एक ठराविक अबंधित रक्कम द्यावी आणि ती प्रभारी अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने खर्चावी. तिचा हिशोब मराठीत लिहून चौकीच्या दर्शनी भिंतीवर लावावा. जिल्हा वार्षिक योजनेत पोलिसांसाठी जी तरतूद होते तिच्या मागण्या ठाण्यांकडून लेखी मागवाव्यात आणि त्यांतील काय मंजूर झाले व काय नाही, हे जाहीर करावे. नागरिकांच्या देणग्या नाकारू नयेत. पण त्या जिल्ह्याच्या एका सामाईक खात्यात घ्याव्यात आणि कोणत्या चौकीस काय द्यावयाचे हे देणगीदाराने ठरवू नये.

चौकीच्या हाती पैसा दिला तर तो खाल्ला जाईल, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. असे प्रकार घडतीलही. परंतु हिशोब भिंतीवर लागलेला असेल तर गावातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलासही तो वाचता येईल. आज जो पैसा वर्गणीच्या, भेटीच्या आणि ‘चहापाण्याच्या’ रूपाने फिरतो त्याचा हिशोब कोणत्या भिंतीवर लागतो? कामापुरते साधन न देता काम मागावयाचे आणि मग माणूस वाकडा चालला म्हणून बोट दाखवावयाचे, हे न्यायाचे नव्हे. साधन दिल्यानंतरच जाब विचारण्याचा अधिकार आपल्यास पूर्णपणे प्राप्त होतो.

शहरातील वाचकांस हा प्रश्न दूरच्या खेड्यातला वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांच्यापैकी कित्येकांची म्हातारी आईवडील मंडळी अशाच एखाद्या गावी राहतात आणि सुटीत त्यांची गाडी रात्री अशाच महामार्गावरून जाते. त्या रात्री मदतीस येणारा पोलीस कोणाच्या डिझेलावर आला, हे त्यांनी एकदा मनाशी विचारून पाहावे. तो सर्वांच्या पैशावर आला असेल, तरच तो सर्वांचा असेल.