सहरीनंतरचा तास

सहरी आटोपून फजरची नमाज झाली की घर शांत असते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो तास फौजदारी कायद्याला द्यावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमे आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८. तरी जुने पुस्तक रद्दीत घालू नका. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमे लागतात.

कलमे बदलली, पण अटकेचे कारण कळणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे, हा आरोपीचा हक्क कायम आहे. उद्या पोलीस ठाण्याबाहेर एखादी आई विचारेल, ‘पोराला का नेलं?’ तिला नीट उत्तर देता यावे, एवढा अभ्यास हवा.