खेळाचा पट आणि गावचा नकाशा

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारून त्यावर मावळे मांडण्याची हौस महाराष्ट्राबाहेरच्या पुष्कळ मराठी घरांनीही जपली आहे. त्या किल्ल्याचा धाकटा भाऊ आता कागदावर अवतरला आहे. टेबलाभोवती चार-पाच मुले बसतात. प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो, एकजण सूत्रधार होतो, फासे पडतात आणि मधोमध पसरलेल्या चौकटींच्या नकाशावर लढाई रंगते. या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला.

हे परदेशी खूळ म्हणून कोणी नाक मुरडील. पण आठ-आठ घरांच्या आठ ओळींचा अष्टापद पट आणि त्यावर हत्ती, घोडे, रथ, पायदळ मांडून खेळावयाचे चतुरंग ही आपल्याच देशाची देणगी आहे. १८२४ साली प्रशियातील लेफ्टनंट राइसवित्स यांनी सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी भूप्रदेशाच्या नकाशावरील युद्धखेळ सिद्ध केला, तेव्हा पटाची जागा नकाशाने घेतली. आणि भूमिकेचे म्हणाल, तर पेडण्याच्या माणसाला ते काय सांगावे? दशावतारी नट कथानक ठाऊक करून घेतो व संवाद रंगभूमीवर उभ्या उभ्या रचतो. टेबलाभोवतीची मुले याहून निराळे काय करतात?

आम्हांला खटकते ते एवढेच की, मुलांच्या नकाशांत युरोपातील गढ्या व तळघरे असतात. पेडणे-डिचोलीची एक वाटही नसते. उपाय सोपा आहे. नकाशा विकत न घेता घरी करावा.

त्याचे गणित असे. खेळात सामान्यतः एक इंचाची चौकट म्हणजे जमिनीवरचे पाच फूट. घराचे राजांगण २० फूट लांब-रुंद असेल, तर कागदावर त्याच्या चार चौकटी लांब व चार रुंद होतात. ए-४ कागदावर कडा सोडून लांबीत १० व रुंदीत ७ चौकटी बसतात, म्हणजे ५० फूट गुणिले ३५ फूट जमीन. ३०० फूट लांब व २०० फूट रुंद गढी पुरी काढू गेल्यास ३६ कागद लागतील आणि टेबल पाच फुटांचे हवे! म्हणून सारा किल्ला न काढता दरवाजा, एखादा बुरूज आणि चढणीची वाट एवढेच निवडावे. लढाई तेथेच व्हावयाची असते.

आलेखाच्या वहीत कच्चा आराखडा पेन्सिलीने काढावा, मग तो पक्का करावा. संगणकावर काढला असल्यास छापताना '१०० टक्के' हे प्रमाण निवडावे; कागदात बसविण्यासाठी यंत्राने तो आपोआप लहान केला, तर इंचाचा इंच राहत नाही. आधी एकच पान छापून फूटपट्टीने मोजून पाहावे. जोडताना एका पानाची कोरी कड कापावी व दुसऱ्याची डिंक लावण्यास ठेवावी. आपल्या पावसाळी हवेत इंकजेटची शाई फुटते. लेझरची प्रत टिकते. वरून पारदर्शक प्लास्टिक घातले की पुसता येणाऱ्या पेनाने त्यावर खुणाही करता येतात. सोंगट्यांना चिंचोके व बटणे पुरेत.

आता नकाशा कशाचा? शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला घ्या. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो मे १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला आणि ज्या व्हाइसरॉयच्या कारकीर्दीत हे घडले, त्याला पुढे 'आलोर्नाचा मार्क्विस' असा किताब मिळाला. तेरेखोलचा किल्ला घ्या. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. डिचोलीकरांना तळघरच हवे असेल, तर हरवळ्याची जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेतच.

किल्ला चौकटीत बसवावयाचा तर तेथे जावे लागते. दोरी धरून दरवाजा मोजावा लागतो, भिंत ढासळली आहे तेथे पूर्वी काय होते ते गावच्या वडीलधाऱ्यांना विचारावे लागते. आमच्या मते खेळाचे खरे मोल येथे आहे. डिचोली तालुक्यात खाणींनी कित्येक टेकड्यांचे रूप पालटले. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. या बदलांची बरी-वाईट चर्चा इतरत्र होईल. परंतु जुनी पायवाट कोठून जात होती हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. सरकारी नकाशात रस्ते व हद्दी सापडतील. कोणत्या आंब्याखाली पाणवठा होता, घाटी चढताना विसावा कोठे घेत, हे मात्र आजोबाच सांगू शकतील. ते नातवाने एकदा कागदावर मोजून मांडले, तर खेळ संपल्यावरही ती माहिती घरात राहील.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथील वाचकांनाही हेच सुचवितो. तुमच्याही गावी एखादा जुना वाडा असेल, एखादा दरवाजा असेल. येत्या सुटीत मुलांच्या हाती मोजपट्टी द्या, घरातील वडिलांना सूत्रधार करा. आणि तयार झालेल्या नकाशाच्या कोपऱ्यात तारीख व सांगणाऱ्याचे नाव लिहिण्यास विसरू नका.