विश्लेषण : शेतात न मरणारी हरळी अंगणात का वाळते?

मंठा तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याकडे हरळीचा विषय काढा, तो आधी कपाळाला हात लावेल. कापसात किंवा तुरीत ती एकदा पसरली की खुरपून संपत नाही. तिच्यासाठी उन्हाळ्यात खोल नांगरट करावी लागते, मुळ्या वेचून बांधावर टाकाव्या लागतात. त्या बांधावरही पुन्हा फुटतात. चिवट माणसाला आपल्याकडे ‘हरळीची मुळी’ म्हणतात, ते उगीच नाही.

गावात मात्र उलटे चित्र दिसते. बंगल्यापुढे, शाळेच्या आवारात किंवा मंगल कार्यालयाच्या ‘लॉन्स’वर पैसे मोजून लावलेली तीच हरळी मे महिन्यापर्यंत तपकिरी पडते, मधे मधे टक्कल पडते आणि मालक नवीन गादीचे दर विचारू लागतो. बहुतेक वेळा ते गवत मेलेले नसते. ते सुधारण्याचे दिवस मात्र वर्षातून एकदाच येतात. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत.

हे गवत उन्हाळ्याचे की थंडीचे?

हरळी, म्हणजेच दूर्वा, हे उष्ण हवामानाचे गवत. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. नर्सरीत ‘बर्म्युडा’ या नावाने मिळते तेही याच कुळातले. कोरियन गवताची जात वेगळी, पण तेही उष्ण हवामानाचेच. ज्वारी, मका, ऊस यांच्याप्रमाणे हरळीला भरपूर ऊन आणि साधारण २५ ते ३५ अंश तापमान मानवते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर आला की तिची वाढ मंदावते आणि रंग फिका पडतो. हा आजार नव्हे.

हे सांगण्याचे कारण म्हणजे मोबाइलवर दिसणारे लॉनचे कितीतरी व्हिडीओ थंड देशांतले असतात. तिथल्या बऱ्याच गवतांची जात वेगळी, ती थंडीच्या तोंडावर जोर धरतात. ते पाहून इथे नोव्हेंबरात युरिया टाकला, तर गवताला त्याचा उपयोग थोडा, तणाला जास्त.

मेले की झोपले?

वाळलेल्या भागातले गवत मुठीत धरून हलके ओढा. मुळे धरून राहिली आणि बुंध्याशी किंवा जमिनीलगतच्या कांड्यात पांढरट-हिरवा ओलावा दिसला, तर गवत जिवंत आहे. खात्री करायची असेल तर हातभर जागा निवडून दर तीन-चार दिवसांनी तिथेच भरपूर पाणी द्या. १५ दिवसांत कोंब दिसले नाहीत तरच तो भाग गेला समजा. मूठभर गवत गालिचासारखे अलगद उचलून आले, तर मुळे कुणीतरी खाल्ली आहेत. त्याकडे पुढे येऊ.

रोज पाणी देऊनही पिवळे का?

रोज संध्याकाळी दहा मिनिटे पाइप फिरवणे हे घरोघरी होते आणि बहुतेक नुकसान तिथेच सुरू होते. अशा शिडकाव्याने वरची इंचभर माती ओली होते. मुळे तिथेच राहतात आणि ४२ अंशांच्या दुपारी तो इंच कोरडा पडला की गवत होरपळते. शेतातल्या हरळीला कुणी रोज पाणी घालत नाही, म्हणून तिची मुळे खाली जातात.

त्यात आपली माती काळी. ती सुकली की भेगाळते आणि पाणी भेगांतून खाली निघून जाते. ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचते. म्हणून एका दमात पाइप सोडून देण्याऐवजी अर्धे पाणी द्यावे, अर्धा-पाऊण तास थांबावे आणि मग उरलेले द्यावे. नंतर स्क्रू-ड्रायव्हर खोचून पाहावा. तो चार-पाच इंच सहज गेला तर ओल पुरेशी खाली पोहोचली.

पाणी भरपूर, तरीही कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, असे दिसले तर ती लोहाची कमतरता असू शकते. आपल्या जमिनीत चुनखडी आणि बोअरच्या पाण्यात क्षार. मातीत लोह असते, पण अशा जमिनीत ते मुळांना घेता येत नाही. मातीत हिराकस टाकून फारसा फरक पडत नाही, तेही तिथेच अडकते. त्याऐवजी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून सकाळी किंवा संध्याकाळी पानांवर फवारावे. शेजारच्या फरशीवर पडल्यास तांबडे डाग पडतात, ते निघत नाहीत.

घरातल्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी लॉनला सोडण्याची पद्धत रूढ होते आहे. पाणी वाया जात नाही हे खरे, पण मूळ पाणी बोअरचे असेल तर त्यातले क्षार यात आणखी दाट होऊन येतात. कपडे धुतलेल्या पाण्यातला सोडा काळ्या मातीला अधिकच घट्ट करतो. शंका असेल तर माती परीक्षण करून घ्यावे. त्यासाठी खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र जालन्यालाच आहे. सामू आणि क्षारता हे दोन आकडे आधी पाहावेत.

लग्नाच्या लॉन्सचे दुखणे

इथे पाण्यापेक्षा पायांचा प्रश्न मोठा. मांडव, खुर्च्या, जेवणाच्या पंगती, सामानाचे टेम्पो यांनी माती दगडासारखी दबते. मुळांना हवा मिळत नाही, पाणी मुरत नाही. भरीला कार्यक्रमाआधी ‘साफ दिसावे’ म्हणून गवत मुळापर्यंत तासले जाते. एका वेळी पानांच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. हरळीची उंची एक ते दीड इंच ठेवावी, उन्हाळ्यात थोडी जास्तच. मुळांना अन्न पाने पुरवतात, आणि तीच उडवली तर गवत साठवणीवर किती दिवस जगणार?

एक गोष्ट मात्र या धंद्याच्या सोयीची आहे. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेला लग्नाचा हंगाम आषाढी एकादशीच्या सुमारास थांबतो आणि चातुर्मासात लॉन्स रिकामी असतात. हरळी वाढण्याचे महिने नेमके तेच. या काळात तिथे गाड्या उभ्या केल्या नाहीत, तरी अर्धे काम होते.

जूनमध्ये काय करायचे?

पाऊस पडून वाफसा आला की बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी गजाने तीन-चार इंच खोल भोके पाडा, दर वीतभर अंतरावर एक. चिखलात हे काम केले तर माती उलट दबते. त्याआधी दाताळ्याने वाळलेल्या काड्यांचा थर ओढून काढा. हा थर जाड झाला की पाणी खाली पोहोचत नाही.

मग चाळलेले गांडूळ खत आणि पोयटा मिसळून त्याचा पातळ थर पसरा. पाव इंच पुरे, गवताची टोके वर दिसली पाहिजेत. कच्चे शेणखत टाकू नका. त्यातून गाजरगवताचे आणि इतर तणांचे बी येते आणि पुढचे वर्षभर निंदणी मागे लागते.

टक्कल पडलेल्या जागी नवीन गादी विकत आणायची गरज नसते. त्याच लॉनच्या निरोगी कडेच्या काड्या काढून, दोन-तीन कांड्यांचे तुकडे करून चार-चार इंचांवर लावा. एक कांडे मातीत, एक वर. हा सल्ला नर्सरीवाल्यांना आवडणार नाही, पण चालू पावसात हरळी ती जागा दीड-दोन महिन्यांत भरून काढते.

काड्या धरल्या की युरिया. हजार चौरस फुटांना एका वेळी एक किलोच्या वर नको, अर्धा-अर्धा किलो दोनदा दिला तर उत्तम. गवत कोरडे असताना फेकावा आणि लगेच पाणी द्यावे. दाणे ओल्या पानांवर चिकटले तर पाने करपतात.

गालिचासारखे उचलून येणारे गवत

ही हुमणी. उसाच्या शेतकऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. पहिल्या पावसानंतर तपकिरी भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, मादी जमिनीत अंडी घालते आणि ऑगस्टपासून अळ्या मुळे कुरतडतात. भुंगेरे दिसतात तेव्हाच रात्री फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे सर्वांत स्वस्त. जमिनीत ओल असताना मेटारायझियम ही बुरशी खतात मिसळून देता येते. अळ्या मोठ्या झाल्यावर उपाय अवघड होतात.

एवढे पाणी घालावे का?

मे महिन्यात हजार चौरस फुटांची हरळी हिरवीगार ठेवायची, तर ढोबळ हिशोबाने रोज साडेचारशे ते पाचशे लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण ठरवले आहे. म्हणजे हे आठ-नऊ माणसांचे पाणी झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागत होते. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. मैदानांवर खर्च होणारे पाणी हाच त्या खटल्याचा मुद्दा होता. टँकर सुरू झालेल्या गावात अंगणातले कारंजे फिरत राहिले, तर शेजाऱ्यांच्या नजरेतही तोच प्रश्न असतो.

पण हरळी हिरवी ठेवणे आणि जिवंत ठेवणे यांत मोठा फरक आहे. जिवंत ठेवायला हजार चौरस फुटांना दर १५ दिवसांनी हजार-बाराशे लिटर पाणी पुरते, म्हणजे दिवसाला ६५ ते ८० लिटर. तोवर गवत तपकिरी दिसेल. त्यावर चालणे टाळावे, खत देऊ नये, कापू नये. कडुनिंबाच्या दाट सावलीतला किंवा उत्तरेच्या भिंतीलगतचा तुकडा मात्र पावसाळ्यातही भरत नसेल, तर तिथे पुन्हा काड्या लावू नका. हरळीला दिवसाला किमान सहा तास ऊन लागते. तिथे मुरूम टाकून बाज ठेवावी.