फ्युजीज : नाव कुठून, गाणं कुठलं?

न्यू जर्सीचं त्रिकूट : लॉरिन हिल, वायक्लेफ जॉन, प्राझ मिशेल. वायक्लेफ जन्माने हैतीचा, प्राझचे आईवडीलही तिथलेच.

आधीचं नाव 'ट्रान्झलेटर क्रू'. 'ट्रान्सलेटर' या जुन्या रॉक बँडशी नामसाधर्म्याचा वाद झाला आणि ते सोडावं लागलं. नवं नाव म्हणजे 'रेफ्युजी'चं आखूड रूप. अमेरिकेत हैतीच्या लोकांना हिणवताना वापरला जाणारा शब्द या तिघांनी बिरुदासारखा मिरवला.

पहिला अल्बम, 'ब्लंटेड ऑन रिअ‍ॅलिटी' (१९९४), फारसा चालला नाही.

दुसरा 'द स्कोअर' (१९९६) अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. त्यातलं 'किलिंग मी सॉफ्टली' प्रथम गायलं लोरी लीबरमनने (१९७२), गाजवलं रॉबर्टा फ्लॅकने (१९७३). लॉरिनच्या आवाजात ते ब्रिटनमध्येही अव्वल ठरलं. १९९७ मध्ये दोन ग्रॅमी : एक अल्बमला, एक या गाण्याला.